इमर्जन्सीत रुजू होण्याआधीचे तीन आठवडे

प्रश्न: नर्सिंगचं शिक्षण संपवून मी सहा महिने मेडिसिन वॉर्डात काम केलं. आता इमर्जन्सी विभागात निवड झाली आहे, रुजू व्हायला तीन आठवडे आहेत. वॉर्डात ऑर्डर लिहिलेली असते, औषधांच्या वेळा ठरलेल्या असतात. इथे आधी काय करायचं हेच सुचणार नाही अशी धास्ती वाटते. एक जाडजूड पुस्तक आणलंय, ते संपेल असं दिसत नाही. आयव्हीचा (शिरेत सुई घालण्याचा) हात अजून बसलेला नाही. आणि अरेस्टचा (हृदय बंद पडलेला) पेशंट आला आणि मी नुसतीच उभी राहिले तर? खिशात काय काय ठेवायचं तेही सांगा.

उत्तर: पुस्तक कपाटात ठेवा. ते वाईट आहे म्हणून नाही. ते आजारांच्या क्रमाने लिहिलेलं आहे आणि इमर्जन्सीत कोणी आजाराचं नाव घेऊन येत नाही. पेशंट छातीत दुखतंय म्हणतो, धाप लागलीय म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. निदान डॉक्टर करतील, बऱ्याचदा तासाभराने. त्याआधीची पहिली दहा मिनिटं मात्र मोठ्या प्रमाणात तुमच्या हातात असतात आणि तेवढ्यात करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. तीन आठवड्यांत त्या अंगवळणी पडतात. उरलेलं कामावर शिकता येतं.

पहिला आठवडा फक्त ए-बी-सी-डी-ईला द्या: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण (सर्क्युलेशन), शुद्ध आणि कपडे काढून तपासणी. हा क्रम तुम्ही परीक्षेत लिहिला असेल. आता घरातल्या कोणाला तरी खाटेवर झोपवून, मोठ्याने बोलत, रोज करा. पेशंटला हाक मारा आणि काय होतंय ते विचारा. पूर्ण वाक्यात उत्तर आलं, तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास निदान बोलण्यापुरता आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं एका दमात कळतं. दोन-दोन शब्दांवर अडखळत असेल तर तोच मोठा निरोप आहे. घुरघुर ऐकू आली तर सक्शन, घोरल्यासारखा आवाज आला तर जबडा पुढे उचला.

मग श्वास मोजा. खरंच मोजा, पूर्ण एक मिनिट. वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यांचा रेस्पिरेटरी रेट २० कसा असतो ते तुम्ही पाहिलंच असेल. पेशंट ढासळायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो आणि नेमका हाच अंदाजाने लिहिला जातो. २५ किंवा त्याहून जास्त आला तर लगेच सांगा, बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी. ऑक्सिजन लावताना नेझल प्राँग्जवर ६ लिटरच्या वर जाऊ नका. साधा मास्क ५ लिटरच्या खाली ठेवू नका, नाहीतर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत आत घेतो. पिशवीचा मास्क १० ते १५ लिटरवर चालवायचा आणि चेहऱ्यावर बसवण्याआधी पिशवी फुगवून घ्यायची. ऑक्सिमीटरवर लक्ष्य साधारण ९४ ते ९८ टक्के. जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या) पेशंटला ८८ ते ९२. धुरात सापडलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर ९९ दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका, कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

सर्क्युलेशनमध्ये नवीन स्टाफ बीपीवर फार भिस्त ठेवतो. रक्तस्राव होणाऱ्या तरुण माणसाचं बीपी एकूण रक्ताच्या जवळजवळ ३० टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतं. तोवर नाडी वाढलेली असते, हात गार पडलेले असतात, माणूस बेचैन असतो. बोटाचं टोक हृदयाच्या पातळीवर धरून ५ सेकंद दाबा आणि सोडा. रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागत असतील तर बीपी १२० असलं तरी डॉक्टरांना बोलवा. आणि कफ नीट निवडा. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी खोटं जास्त येतं.

डी म्हणजे शुद्ध, बाहुल्या आणि शुगर. जीसीएस (शुद्धीचे गुण) नुसता "१०" असा लिहू नका, डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं लिहा, कारण तासाभराने नेमकं काय घसरलं ते त्यातूनच कळतं. शुगर तर बेशुद्ध, फिट आलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या, अर्धं अंग लुळं पडलेल्या प्रत्येकाची करायचीच. दारूचा वास येत असेल तर हमखास करा. "पिऊन पडलाय" म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या माणसाची शुगर ३० निघणं ही इमर्जन्सीतली जुनीच गोष्ट आहे. मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली किंवा ५० टक्क्यांचं ५० मिली. ते चांगल्या चालत्या शिरेतून हळू द्यायचं, कारण बाहेर पाझरलं तर कातडी जळते. १५ मिनिटांनी पुन्हा शुगर. मधुमेहाच्या गोळीने, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडने शुगर पडली असेल तर ती कित्येक तास पुन्हा पुन्हा पडते. उठून बसला, हसला, म्हणून घरी जाऊ द्यायचा नाही.

शेवटी ई. कपडे काढून पाठीसह सगळं अंग बघायचं आणि लगेच पांघरूण घालायचं. गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. पोलीस केस असेल तर कपडे कापताना वाराच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री नेऊ नका, आणि ते कागदी पिशवीत ठेवा; प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो.

या क्रमाला दोन घड्याळं जोडलेली आहेत, ती पाठ असू द्या. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे आणि डॉक्टरांच्या हातात गेला पाहिजे. टेबलावर ठेवलेला ईसीजी कोणी पाहिलेला नसतो. छातीवर लावायच्या सहा लीड्सपैकी व्ही-१ आणि व्ही-२ जवळजवळ सगळेच जण एक-दोन फासळ्या वर लावतात. छातीच्या हाडावर गळ्याच्या खाली बोट सरकवत आणलं की एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी फासळी असते. तिथून खाली उतरत चौथी जागा शोधा. उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२. व्ही-४ पाचव्या जागेत कॉलरबोनच्या मध्यरेषेवर, व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध, मग व्ही-४ च्याच आडव्या रेषेत व्ही-५ आणि काखेच्या मध्यावर व्ही-६. स्त्रियांमध्ये स्तन वर उचलून त्याखाली लावा. घाम आधी पुसा. लीड वनमध्ये सगळं उलटं आणि एव्हीआर सरळ दिसत असेल तर आधी हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघा. कागदावर वेळ लिहा आणि त्या क्षणी दुखत होतं की नाही तेही लिहा.

दुसरं घड्याळ स्ट्रोकचं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि हे तास मोजायचे ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सकाळी सहाला उठले तेव्हा हात उचलेना असं नातेवाईक सांगतात, म्हणून तुम्ही सहा लिहिता. पण रात्री अकराला झोपताना ते ठीक होते आणि मध्ये कोणी पाहिलं नसेल, तर वेळ अकराचीच. ज्याने पाहिलं त्या माणसाचा फोन नंबर केस पेपरवर घ्या, तो नेमका गाडी लावायला गेलेला असतो. गिळता येतंय का हे तपासेपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही.

आता आयव्ही. हात बसलेला नसणं हा सहा महिन्यांच्या स्टाफचा दोष नाही, पण हात का चुकतो हे माहीत असलं तर तो लवकर बसतो. कॅन्युलाचे (शिरेत ठेवायच्या नळीचे) रंग तर येतातच, आकडा लहान तितकी नळी जाड: नारिंगी १४, करडा १६, हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. शॉकच्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) पेशंटला कोपराच्या खोबणीत हिरवा किंवा करडा, जमल्यास दोन्ही हातांत. जाड आणि आखूड कॅन्युलातून सलाईन सगळ्यात वेगाने जातं. व्यासातला लहानसा फरकही वेगात मोठा पडतो. हाताच्या पाठीवरच्या सुंदर निळ्या शिरेचा मोह तिथे धरू नका. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी मुद्दाम जोडलेली शीर) असलेला हात सोडून द्या.

टूर्निकेट चार बोटं वर बांधा, हात खाटेखाली लोंबकळू द्या, अंगठ्याने कातडी खाली ताणून धरा. १० ते ३० अंशांच्या कोनात आत जा. रक्त दिसलं की बहुतेकांचा हात लगेच कॅथेटर सरकवायला जातो आणि तिथेच फसगत होते. सुईचं टोक कॅथेटरच्या पुढे असतं. रक्त आलं म्हणजे टोक शिरेत गेलंय, नळी अजून बाहेरच असू शकते. कोन कमी करून, सुई जवळजवळ आडवी करून, आणखी दोन मिलिमीटर पुढे जा, आणि मगच नळी सरकवा. रक्त येऊनही नळी अडत असेल तर कारण बहुतेक हेच. लगेच फुगारा आला तर सुई मागच्या भिंतीतून पलीकडे गेली आहे, किंवा टूर्निकेट सोडायच्या आधीच फ्लश केलंय. दोन प्रयत्न झाले की दुसऱ्याला बोलवा. सिनिअर दोनदा चुकलेल्यावर फारशा वैतागत नाहीत. पाचव्यांदा टोचणाऱ्यावर, आणि तोवर चांगल्या शिरा संपवून ठेवणाऱ्यावर वैतागतात, आणि ते रास्तच आहे.

त्याच कॅन्युलातून रक्त घेताना सिरिंज जोरात ओढू नका. पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं आणि सगळे भलत्याच मागे लागतात. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा, जांभळी तिच्या आणि साध्या ट्यूबच्या नंतर, आणि जांभळीतलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये कधीच ओतू नका; त्यातल्या ईडीटीएमुळे पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली जातं.

अरेस्टची भीती सगळ्यात मोठी दिसते, आणि गंमत म्हणजे त्यात नव्या माणसाचं काम सगळ्यात स्पष्ट असतं. ड्युटी सुरू होताना इनचार्जना विचारा, "आज अरेस्ट आला तर मी कुठे उभी राहू?" पहिले काही महिने उत्तर असेल: छातीवर. त्याला औषधांचं ज्ञान लागत नाही. छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, कोपर सरळ, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि हृदयात रक्त भरतच नाही. खाट उंच असेल तर पायाखाली स्टूल घ्या. हवेची गादी असेल तर हवा सोडा. श्वासनलिकेत नळी पडेपर्यंत ३० दाब आणि २ श्वास, नळी पडल्यावर दाब न थांबवता दर ६ सेकंदांनी एक श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेले नसलात तरी. खोली कमी झाली हे स्वतःला कळत नाही. नाडी बघायला १० सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. विजेचा शॉक देताना मोकळा वाहता ऑक्सिजन पेशंटच्या छातीपासून निदान एक मीटर लांब.

दुसरं काम लिहिण्याचं. घड्याळ बघून प्रत्येक शॉक, प्रत्येक औषध टिपायचं आणि "ॲड्रेनलिन देऊन तीन मिनिटं झाली" असं मोठ्याने सांगायचं. हे काम कमी लेखू नका. कोणी वेळ सांगितली नाही तर त्या गोंधळात दोन मिनिटांची सहा होतात. ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, मागोमाग २० मिली सलाईनचा फ्लश आणि हात वर उचलून धरणं. शॉक देऊनही व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) हटत नसेल तर तिसऱ्या शॉकनंतर ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, पुढे लागलं तर १५०.

इथेच एक ठिकाण आहे जिथे थांबून विचारायलाच हवं. ॲड्रेनलिनच्या एका मिलीच्या ॲम्प्युलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. अरेस्टमध्ये ते अख्खं शिरेत जातं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत), म्हणजे नाडी चालू असलेल्या माणसाला, त्यातलं अर्धं, ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत; गरज पडली तर ५ मिनिटांनी पुन्हा. ॲनाफिलॅक्सिसच्या घाईत "ॲड्रेनलिन द्या" एवढंच ऐकून कोणी अख्खं ॲम्प्युल शिरेत ढकललं तर धडधडतं हृदय व्हीटीत (जीवघेण्या वेगवान लयीत) जाऊ शकतं, बीपी २५० वर जाऊ शकतं. म्हणून तोंडी ऑर्डर नेहमी परत म्हणा: "ॲड्रेनलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीत, आयएम, बरोबर?" होकार आल्यावरच द्या, आणि दिल्यावर "दिलं" म्हणा. यात कोणाचा अपमान होत नाही. जो डॉक्टर यावर चिडतो त्याच्याबाबतीत तर हे दोनदा करा.

दुसऱ्या आठवड्यात औषधं आणि गणितं. शंभर औषधांची यादी नको, तुमच्या विभागाच्या क्रॅश कार्टमधली (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीतली) पंधरा-वीस पुरे. प्रत्येकाचं ॲम्प्युल केवढ्याचं, कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, एवढं. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट पुश होत नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. थेंबांचं गणित तोंडी यायला हवं: एकूण मिली गुणिले सेटचे एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. नॉरॲड्रेनलिनचं (बीपी वर ठेवणाऱ्या औषधाचं) एक गणित रोज सोडवा. ४ मिलिग्रॅम ५० मिलीत म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट हवं, तर मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणून पंपावर ४.५ मिली. वजन बदला, डोस बदला, पुन्हा करा. पहाटे तीनला डोकं चालत नाही, हात चालतो. लहान मुलांत वजनाशिवाय एकही डोस नाही. वजन करणं शक्यच नसेल तर १ ते १० वर्षांसाठी वयात ४ मिळवून दुप्पट करा, अंदाजे किलो येतात.

तिसऱ्या आठवड्यात मॉनिटरवरच्या पाच-सहा लयी ओळखायला शिका (व्हीएफ, व्हीटी, एसिस्टोल, एएफ, एसव्हीटी, कम्प्लीट हार्ट ब्लॉक) आणि जमलं तर एक दिवस परवानगी घेऊन विभागात जाऊन या. क्रॅश कार्ट सील केलेलं असतं, म्हणून ते पुन्हा भरताना हजर राहायची विनंती करा. लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना घसा बघायचं दिव्याचं साधन) उघडून दिवा पांढरा, झगझगीत आहे ना ते बघा. पिवळा मिणमिणता असेल तर सेल गेलेत. सक्शनची नळी मुरगळून धरा, काटा चढला पाहिजे. ॲम्ब्यूच्या (हाताने श्वास द्यायच्या पिशवीच्या) तोंडावर तळहात ठेवून दाबा. विरोध जाणवला नाही तर व्हॉल्व्ह गेलाय किंवा चुकीचा जोडलाय. डीफिब्रिलेटरची चाचणी कशी होते, कागद आहे का, जेल कुठे आहे. ही तपासणी रुजू झाल्यावर प्रत्येक ड्युटीला ओव्हर घेताना करायची आहे, रजिस्टरमध्ये आधीच टिक केलेली असली तरी.

डॉक्टरांना फोन करायचीही तालीम करा. "सर, पेशंट बरा वाटत नाही" याने कोणी धावत येत नाही. असं म्हणा: "इमर्जन्सीतून सिस्टर बोलतेय, बेड चार. साठ वर्षांचे, दोन दिवस ताप, लघवीला जळजळ. आता बीपी ८४/५०, नाडी १२८, श्वास ३०, बडबड करतायत. मला सेप्टिक शॉक वाटतोय. तुम्ही आत्ता यावं. तोवर दोन लाइन टाकून कल्चर आणि लॅक्टेट पाठवू का, सलाईन सुरू करू का?" निदान चुकलं तरी चालेल, आकडे आणि मागणी स्पष्ट हवी. अँटिबायोटिकच्या आधी कल्चर (जंतू शोधायची तपासणी), पण कल्चरसाठी अँटिबायोटिक लांबवायचं नाही.

बाहेर बसलेल्यांकडे दर अर्ध्या तासाने एक फेरी असू द्या. जो ओरडतोय त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे. खुर्चीत मान टाकून गप्प बसलेला, ज्याचा ट्रायाजमध्ये (आल्याआल्या होणाऱ्या छाननीत) हिरवा, म्हणजे कमी घाईचा, नंबर लागला होता, तो बघा. नातेवाईक चिडलेले असले तर त्यांच्यातल्या एकालाच बोलायला निवडा आणि पुढचं काय, किती वेळाने, ते सांगा; आणि अशा वेळी दार तुमच्या मागे किंवा बाजूला असू द्या, त्यांच्या पाठीमागे नको.

एक गोष्ट आजच करा. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस (०, १, ६ महिने) झालेत का बघा आणि अँटी-एचबीएस टायटर (लसीचं संरक्षण किती आलंय ती रक्ततपासणी) करून घ्या. १० किंवा त्याहून जास्त हवा. घाईत सुई टोचण्याची शक्यता वॉर्डापेक्षा इथे जास्त. टोपण परत लावू नका. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच ड्युटीत कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. "पेशंट तसा वाटत नव्हता" हा निकष नाही.

खिशाचं विचारलंत ते सोपं आहे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, तेही छातीला लावायचं, मनगटावर नको. मनगटं मोकळी हवीत, अंगठी-बांगडी घरी. बोथट टोकाची कपडे कापायची कात्री, छोटा टॉर्च, दोन पेनं (एक कोणीतरी नेणारच), सिरिंजवर नाव लिहायला मार्कर, चिकटपट्टीची गुंडाळी, एक जास्तीचं टूर्निकेट. पानं न सुटणारी छोटी वही, ज्यात तुमच्या हातचे डोस आणि विभागातले एक्स्टेन्शन नंबर. बूट बंद, धुता येणारे, आणि कपाटात कपड्यांचा एक जास्तीचा जोड.